बोट्सवानाला निघालेली मशीन

गावच्या वळणावर बोअरच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि त्रिंबकच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आली गं मशीन."

आत कुणी उठलं नाही. चूल थंड होती. त्रिंबकच दाराशी आला.

नव्या जालन्याचे बद्रीनाथ शेठ नवी मशीन घेतली की आधी हसनाबादला आणत. जमिनीत दगड फोडत जाणारं तिचं पोलादी टोक, ते बिट, त्रिंबकच्या बायकोच्या, आसराबाईच्या हातचं हळदीकुंकू लागल्याशिवाय त्यांनी कुणाच्या रानात उतरवलं नव्हतं. बाईच्या हाताला पाणी लागतं, असं शेठनी ठरवूनच टाकलं होतं. वळणावर हॉर्न वाजला की ती तव्यावरची भाकर तशीच सोडून करंडा घेऊन पळायची. मागं भाकर उलटायची ती त्रिंबकनं. निम्म्या करपायच्या, आणि ती त्यावरून दिवसभर बोलायची.

"आक्का, या बाहेर! आज पाण्यासाठी न्हाई, हिऱ्यासाठी कुंकू लावायचंय!" शेठ केबिनमधूनच ओरडले. उतरले ते त्रिंबकचा हात धरूनच. "त्रिंबकभाऊ, मशीन बोट्सवानाला चालली. आफ्रिकेत. तिथंच गेल्तो मी इतके दिवस. खाणीत भागीदारी घेतली."

"लई लांब गेलात, शेठ."

"लांब हाय, पण मुलूख बिलकुल शांत. तिथले लोक सांगत होते, देश झाल्यापासून एकच पार्टी राज्य करत होती, ती मागं इलेक्शनला हरली. जुना साहेब उठला, नवा बसला, अन् बाजारात एका दुकानाचं शटर पडलं न्हाई. उगंच का जगभरचे खाणवाले तिथं रांग लावून राह्यले? आज केलेला करार उद्याही तोच. खाली काय निघंल ते नशीब, पण वरची जमीन तर कुठं पळून जात न्हाई!"

त्रिंबकनं आपल्या रानातल्या बोअरचं काढलं की आसराबाई दरसाल हेच म्हणायची. "आपलं रान काय पळून जाऊन राह्यलंय का? आधी लोकांचं होऊ द्या." आणि करंडा घेऊन लोकांच्या बोअरला जायची.

"हाक मारा की आक्काला. जल्दी करा, गाडी मुंबईला बंदरावर पोचवायचीय."

"ती गेली, शेठ. पोळ्याच्या आधी. झोपली ती उठलीच न्हाई."

ड्रायव्हर भुजंगनं चालू ठेवलेलं इंजिन बंद केलं. शेठ ओट्यावर बसले. नारळाची पिशवी त्यांच्या हातातच राहिली.

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमचा फोन लागत नव्हता. अन् लागला असता तर काय सांगायचं होतं?"

शेठनी पिशवी ओट्यावर ठेवली. म्हणाले, "पहिल्या मशीनला कुंकू लावलं तव्हा मी म्हणलो, आक्का, बोला काय पाहिजे. तर म्हणल्या, गाडीतून एक चक्कर मारा."

"मंग! गावाला वळसा घातला तुम्ही. डोक्यावर पदर घेऊन अशी बसली होती केबिनीत, जशी गाडी तिचीच. बायांनी महिनाभर शेठाणी म्हणून चिडवली तिला."

दोघंही हसले. हसू लवकर संपलं.

"भाऊ," शेठ हळूच म्हणाले, "त्यांच्या करंड्यातलं बोटभर कुंकू द्या. शेजारच्या शालूला बोलवा, ती लावंल. निदान कुंकू तरी आक्काचं जाऊ द्या तिकडं."

त्रिंबक आत गेला. देवापुढचा करंडा घेऊन आला आणि शेठसमोर धरून त्यानं झाकण काढलं. कुंकू दाबून बसलेलं होतं. मधोमध एका बोटाचा खळगा होता. शेवटच्या सकाळी तिनं कपाळाला कुंकू घेतलं होतं, तेव्हाचा. तिचा मळवट भरायला बायांनी हाच करंडा मागितला होता. त्रिंबकनं तो दिला नव्हता, दुकानातून नवी पुडी आणवली होती.

शेठचा हात पुढं आला आणि तसाच मागं गेला.

"केवढंसं बोट," ते म्हणाले.

त्यांनी नारळ उचलला, गाडीच्या चाकापुढं स्वतःच फोडला आणि खोबऱ्याचा एक तुकडा त्रिंबकच्या हातावर ठेवला. बिट कोरंच होतं, उन्हात चमकत होतं. केबिनच्या पायरीवर पाय ठेवून शेठ मागं वळले.

"बिटाला लागलं न्हाई, अन् लावायला ते कपाळ राह्यलं न्हाई. मंग कुणासाठी ठेवून राह्यलात हे, भाऊ?"

त्रिंबकनं झाकण लावलं. मशीन अजून त्याच्या दारातच उभी होती.

"आमच्या रानात बोअर घ्यायचं राह्यलंय," तो म्हणाला.