उघडं कार्ड

व्याह्यांच्या पत्राचं उत्तर तीन आठवडे राहून गेलं होतं. "कोकिळेस या महिन्यात पाठवावे. लेक झाली, आनंद आहे. आता पाठोपाठ नातूही व्हावा," असं पंजाबरावांनी पिंपळगाव राजाहून कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. पत्र मायेचं होतं. त्यामुळेच वामनराव मास्तर अडले होते.

त्यांच्या लेकीचं, कोकिळेचं, पहिलं बाळंतपण माहेरचं. म्हणून पोट चिरून मूल काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं, ते त्यांनाच. आतला टाका पक्का व्हायला वेळ लागतो. दोन वर्षं तरी पुन्हा दिवस राहू देऊ नका. घाई झाली तर पुढच्या वेळी कळांमध्ये तो उसवेल, मग आई आणि मूल, दोघांचाही भरवसा नाही.

बापानं व्याह्याला हे लिहावं कसं?

आज त्यांनी पाकिटात घालायचा कागद बायकोला वाचून दाखवला. "कोकिळेची प्रकृती अंमळ नाजूक आहे..."

"नाजूक म्हंजे? खोकला झाला का तिले?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "थे लोक सुंठ धाडतीन."

कोकिळा लेकीला थोपटत होती. "बाबा, पाकीट नोका धाडू. कार्डावर लिवा."

"कार्ड? अगं, वाटेत सगळे वाचतात."

"म्हणूनच तं! पाकीट आलं का मामंजी बंडीच्या खिशात ठेवते, अन् थे तिथंच राह्यते. कार्ड आलं का पोस्टमन ओट्यावर बसून खणखणीत वाचते. सासूबाई ऐकतीन, शेजारच्या बाया ऐकतीन. मंग मले एकटीले तोंड उघडा लागणार नाही."

वामनरावांनी कार्डावर तारीख घातली, १२ फेब्रुवारी १९६४. पोट, टाका, दिवस राहणे. प्रत्येक शब्दाला त्यांचे कान तापले, पण एकही खोडला नाही.

मेहकरच्या पोस्टात गोपाळ पोस्टमन पेटी रिकामी करत होता. "द्या मास्तर, हातातच." त्यानं कार्ड घेतलं आणि सवयीनं तिथंच वाचलं. तिकिटांच्या रांगेतली माणसं पाहत होती. वामनरावांनी मान खाली घातली.

"माह्या सुनेचंही पोट चिरलं, मास्तर," गोपाळ हळूच म्हणाला. "आमाले कोणी काई बोललंच नाही. दोन वर्षं म्हंजे पक्के दोन?"

"पक्के दोन," वामनराव पुटपुटले. मग त्यांनी मान वर केली आणि वर्गात बोलावं तसं म्हणाले, "आणि पुढचं बाळंतपणही दवाखान्यातच. घरी नाही."

रांगेतली माणसंही ऐकत होती. गोपाळनं कार्ड थैलीत टाकलं.