मोज्याला माहीत होतं

"मेल्या, आता लोणचंही सोडू का?" हर्षला पायातल्या मोज्याकडे बघत पुटपुटली.

द्राक्षांच्या पॅकिंग शेडमधल्या सगळ्या पोरींना कंपनीने बोलणारे मोजे दिले होते. पाय सुजले की मोजा कारण सांगायचा. कधी मीठ, कधी थायरॉइड, कधी आईकडून वारशाने आलेल्या कमजोर शिरा. हर्षलाने पापड सोडले, हृदय-किडन्या तपासून घेतल्या. सगळं ठणठणीत निघालं. बाविशीतले पाय मात्र रोज संध्याकाळी पावासारखे फुगायचे.

आज मोज्याने लोणच्याचं नाव काढलं, तशी तिने रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर चक्क बसली.

मोजा लगेच बोलला, "तुम्ही बसल्या आहात. कृपया उभ्या राहा."

"म्हणजे मी दिवसभर उभी असते, हे तुला कळत होतं तर!"

"ऊठ गं, कामावरून काढतील," शेजारची वनिता कुजबुजली. तिचेही पाय सुजलेलेच होते.

सुपरवायझर गांगुर्डे धावत आले. "काय गं, बरं नाही का?"

"मी बरी आहे, साहेब," हर्षला बसल्या जागेवरूनच म्हणाली. "तुम्ही आम्हाला बसू देत नाही, म्हणून पाय सुजतात. खुर्च्या आणा."