पाण्याखालची खूण

लग्नाच्या वाढदिवसाला गौरेशने सेजलला न विचारताच दोघांची नावं स्कूबा शिकायला घातली. बोटीवर शिक्षकाने बजावलं, "पाण्याखाली अंगठा वर केला म्हणजे 'मस्त' नव्हे हां. त्याचा अर्थ, 'मला वर काढा'." गौरेश तेव्हा कॅमेरा लावण्यात गुंग होता.

खाली सेजलच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. तिने नवऱ्याला अंगठा दाखवला. त्याने फोटो काढला. तिने घाबरून दोन्ही अंगठे दाखवले. त्याने आणखी एक काढला. शेवटी शिक्षकानेच तिला वर आणलं.

संध्याकाळी पार्से गावातल्या घरी सासूबाई फोटो बघून म्हणाल्या, "नशीब काढलंस गो बाय!" फॅमिली ग्रुपवर तर अंगठ्यांचा नुसता पाऊस.

"खूश आसस मां गो?" गौरेशने विचारलं.



सेजलने अंगठा वर केला.