वाचून कर

फॉर्मवर अकरा बटणं होती आणि रचनाने त्यातलं एकही कधी वाचलं नव्हतं. नाव भरायचं, चारदा टॅब, मग एंटर, की नोंद जतन होते, एवढं तिच्या बोटांना पाठ होतं. आमगावच्या त्या वसतिगृहातली तिची तात्पुरती नोकरी कायम होणार की जाणार, हे संस्थेच्या सचिवांसमोर करायच्या दहा नोंदींवर ठरणार होतं.

तिचे वरिष्ठ खुमेंद्र सर यांना ती जागा मेहुणीसाठी हवी होती, आणि फॉर्म त्यांनीच बनवला होता. परीक्षेच्या सकाळी त्यांनी 'जतन करा' आणि 'पुसून टाका' यांच्या जागा आपसांत बदलल्या. कुठलंही दाबलं तरी फॉर्म सारखाच कोरा व्हायचा. पण तिला खिजवायचा मोह काही त्यांना आवरला नाही; सगळ्यांदेखत ते म्हणाले, "वाचता येते का नाही वो तुले? कायले टॅब मोजून राहिली पोपटावानी? आज वाचून कर!"

रचनाचे कान तापले. तिने खरंच एकेका बटणावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला सुरुवात केली.

"भाकर थापून राहिली का? इतक्यात माही म्हैस बी शिकली असती!" सर हसले. तिचं झाल्यावर त्यांनी तिला खुर्चीवरून उठवलं. "हट. पाहा साहेब, काम असं होते." सचिवांशी बोलत, पडद्याकडे न बघता, सवयीने टॅब-एंटर करत त्यांनी पटापट दहा नावं भरली.

सचिवांनी यादी उघडली.



रचना : एकोणीस मिनिटं, दहा नोंदी.
खुमेंद्र सर : चार मिनिटं, शून्य नोंदी.