शेजारची बशी

"आत येण्याआधी हाक मारत जा गं, मी दचकते," आई शेवटी शेवटी सारखी म्हणायची. तेव्हा तिला माझं नावही आठवत नसे.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू आयुष्यभर नसांमध्ये झोपून राहतो आणि पुढे कधीतरी नागीण होऊन उठतो. तोच माणसाची आठवणही पुसतो का, हे मी प्रयोगशाळेत शोधते. आईच्या त्वचेपासून वाढवलेल्या मेंदूच्या पेशी एका काचेच्या बशीत आहेत. शेजारच्या बशीत माझ्या आहेत, तुलनेला, निरोगी म्हणून. दोन्हींची विद्युत स्पंदनं आपापल्या स्पीकरवर मंद टिकटिकतात.

मी मुकाट्यानं आत गेले, की आईची बशी तडतडते. हाक मारून गेले, की शांत असते. यंत्र बदलून पाहिलं, बशीची जागा बदलली, काही फरक नाही.

"आजी अजून दटावतेय तुला!" लेक हसायची.

आज ती घरी राहिलेला माझा चष्मा द्यायला आली आणि तिनं धाडकन दार ढकललं. एक स्पीकर तडतडला. सवयीनं मी आईच्या बशीकडे पाहिलं. ती शांत होती. तडतडत होती ती माझी.

आणि दारातली ही मुलगी कोण, ते मला चटकन आठवेना.

"आई, अशी काय बघतेस गं?"

"काही नाही, बाळा. यापुढे हाक मारून येत जा. येशील ना?"

ती या खेपेला हसली नाही. "येईन," म्हणाली. चष्मा टेबलावर ठेवून ती बाहेर गेली आणि तिनं दार हलकेच ओढून घेतलं.