रुपयाएवढी जागा

म्हैस सकाळी सातला खड्ड्यात पडली आणि दहा वाजले तरी खड्ड्यातच होती.

वारज्यात आप्पासाहेबांच्या घरामागे नव्या खोल्यांचा पाया खणला होता. खाली पाझराचं पाणी आणि पोटाला लागेल एवढा चिखल. त्यात ही म्हैस, मैना, दिवस भरलेली, आठवड्याभरात विणार होती. बोळातून जेसीबी शिरेना. मजुरांनी एका बाजूची माती उतरती करून दिली, म्हशीच्या छातीमागून रुंद पट्टा घातला आणि समोर महिन्याभरापूर्वी घेतलेला पिकअप आणून उभा केला. त्याच्या नाकाडावर विंच होता, म्हणजे बॅटरीवर फिरणारा ड्रम आणि त्याला गुंडाळलेला लोखंडी दोर. तीन टन सहज ओढतो, असं आप्पासाहेबांनी भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं.

आता तो ‘टक्’ करायचा, इंचभर फिरायचा आणि बसायचा. त्यांच्या मुलाने, विश्वजीतने, शेजारच्या टेम्पोची बॅटरी काढून लावून पाहिली. तरी तेच. खड्ड्यात आप्पासाहेबांच्या पत्नी तुळजाबाई मांडीभर चिखलात उभ्या राहून म्हशीचं तोंड दोन्ही हातांनी वर धरून होत्या. म्हशीचे डोळे मिटायला लागले होते.

बिबवेवाडीच्या भीमराव वायरमनला फोन केला, तर स्कूटरवरून आली त्यांची लेक, आम्रपाली. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणाली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय! आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला.

“झेपंल का गं तुला?”

“मला नाही ओढायची, काका. विंचला झेपलं म्हणजे झालं.”

विंचकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बॅटरीपासून वायरींवर हात फिरवत गेली. आधी लाल, मग काळी. विंचची काळी वायर जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टाने आवळली होती तिथे तिचा हात झटकन मागे आला.

“चटका बसतोय.” तिने मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं त्या वायरीच्या टोकाला. “दाबा बटण.”

विश्वजीतने दाबलं. टक्.

“बारा व्होल्टांतले पाच इथंच खपतायत.”

“म्हंजे?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“करंट नुसता जाऊन भागत नाही, काका. त्याला बॅटरीकडे परत यायला वाट लागते. हे गाडीचं लोखंड म्हणजे त्याची परतीची वाट. तुमच्या फिटरने बोल्ट लोखंडावर नाही, रंगावर आवळलाय. रंगातून करंट जात नाही. बोल्टाच्या आट्यांतून झिरपतो, तेवढाच.”

“असला कसला फिटर!” विश्वजीत चिडला.

 विंच बसवला त्या दिवशी फिटरने रंग खरवडायला कानस हातात घेतली तेव्हा, नव्या गाडीवर एक ओरखडा दिसला तर याद राख, असा दम आप्पासाहेबांनीच भरला होता. बिचाऱ्याने मुकाट्याने कानस ठेवून दिली होती. रंगाचा थर तो केवढा! कागदाहून पातळ. तेवढ्याने मैनेला तीन तास चिखलात दाबून धरलं होतं.

आम्रपालीने पिशवीतून कानस काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं. “गाडी शोभेला ठेवायची असेल तर राहू दे.”

“खरवड,” आप्पासाहेब म्हणाले. “मीच म्हनलो व्हतो त्याला. खरवड, माझे आई.”

तिने आधी बॅटरी सोडवली, मग बोल्ट काढला. पांढऱ्या रंगाचा चुरा खाली पडला आणि आतून रुपयाएवढं लोखंड लखलखलं. वायरीचं टोक त्यावर बसवून तिने अंगातली सगळी ताकद लावून बोल्ट आवळला. बॅटरी जोडली. इंजिन चालू करायला लावलं. “दोरापासून लांब व्हा सगळे. काकू, तुम्ही पण वर या. दाबा आता.”

टक् झालं, आणि त्याच्यामागून एक सलग घुमणारा आवाज आला. ड्रम फिरला आणि फिरतच राहिला. दोर ताणला, पिकअपचं नाक खाली वाकलं, चिखलाने मोठा घुटका गिळल्यासारखा आवाज केला. आप्पासाहेबांनी सहा बैलांचा नांगर पाहिला होता, पैलवान पाहिले होते. इथे कुणी जोर करत नव्हतं, कुणाला घाम नव्हता. बोटाएवढ्या वायरीतून न दिसणारं काहीतरी जात होतं, परत येत होतं, आणि साडेपाचशे किलोंची म्हैस पोटातल्या जिवासकट उतार चढत होती.

वर आल्यावर मैना बराच वेळ थरथरत पडून राहिली. मग मागचे पाय उचलून, गुडघे टेकून उभी राहिली. तुळजाबाईंनी चिखलाचा हात तिच्या पोटाला लावला.

“हलतंय,” त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

आप्पासाहेब घरात जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आले. म्हशीच्या कपाळाला बोट लावून ते पिकअपकडे वळले आणि त्या बोल्टाशी वाकले.

“तिथं नको, काका,” आम्रपालीने अडवलं. “तिथं आता फक्त ग्रीस लावायचं, गंज धरू नये म्हणून.” तिने डबी उघडली.

आप्पासाहेबांनी करंडा खाली ठेवला. डबी तिच्या हातातून मागून घेतली. पायांतल्या चपला काढल्या, टोपी सरळ केली, आणि अनामिकेने थोडंसं ग्रीस घेऊन त्या बोल्टाला लावलं.