दहा मोजेपर्यंत

समर्थच्या घरी माफी मागायला जायचं म्हणून शर्मिष्ठाने लेकीला किनाऱ्यावरून नेलं. रस्त्याने गेलं असतं तर तोंडवलीतल्या निम्म्या घरांची माणसं दारात आली असती.

दुपारचे चार वाजले होते. ओहोटीचं पाणी लांब गेलं होतं. ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं, आणि पुढे चालणारी नऊ वर्षांची गौरजा वाळूवरून जातेय की ढगांवरून, हे क्षणभर शर्मिष्ठाला कळेना.

चार दिवसांपूर्वी सुरूच्या बनात खेळताना गौरजाने समर्थच्या कपाळात काठी घातली होती. तीन टाके पडले. पण गावात चर्चा होती ती वेगळ्याच गोष्टीची. पोर रक्तबंबाळ होऊन पडलं आणि ही काठी घेऊन तिथेच उभी. रडली नाही, कुणाला हाक मारली नाही. नुसती बघत राहिली. मोबाइलवरचा तो बंदुकांचा खेळ, दुसरं काय, असं सगळे म्हणाले. शर्मिष्ठा शाळेत शिकवायची. दुसऱ्यांच्या मुलांबद्दल तिनेही पालकसभेत हेच सांगितलं होतं. आता लेकीला भात वाढताना तिच्या तोंडाकडे बघायची तिला भीती वाटत होती.

"कित्याक मारलंस गो?" चालता चालता शर्मिष्ठाने पुन्हा विचारलं.

"आमी खेळत होतो."

"आणि तो पडलो तेव्हा?"

गौरजा भरभर पावलं टाकत पुढे गेली.

समर्थची आई सत्यवती दारातच उभी राहिली. "बाई, पोरगो माझो आंधळो झालो असतो," ती म्हणाली. "तुमच्या चेडवाक काळीज आसा का नाय?"

शर्मिष्ठाने आणलेली केळ्यांची फणी पुढे केली. सत्यवतीने ती घेतली, जरा थांबली, आणि पाणी आणायला वळली. शर्मिष्ठा तिच्या मागोमाग आत गेली. समर्थ बाहेर पायरीवर बसला होता; गौरजा त्याच्यापाशीच राहिली.

आत काळोख होता, गार होतं. खिडकीतून सुरूंची सळसळ येत होती, आणि तिच्यात मिसळून पोरांचं बोलणं.

"दुखता?"

"आता नाय." समर्थचा आवाज. "तू उबी कित्याक ऱ्हवलंस? माझ्या आवशीक हाक मारूची."

सत्यवतीने माठात तांब्या बुडवला.

"मिया मोजलंय," गौरजा म्हणाली. "गेमात पडलेलो माणूस धा मोजूच्या आत उठता. रगात आपसूक जाता. मिया धापर्यंत मोजलंय. तू उठलंस नाय. मगे परत पयल्यापासून मोजलंय."

सत्यवतीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. शर्मिष्ठा खिडकीशी गेली.

समर्थने कपाळावरची पट्टी उचलली होती. "हात लाव," तो म्हणाला. गौरजाने बोट टेकवलं. टाक्याचा काळा दोरा तिला टोचला असावा.

"कधी जातला ह्या?"

"डॉक्टर म्हणालो, वण ऱ्हवतलो."

"कायमचो?"

"होय."

गौरजाने बोट मागे घेतलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत गच्च धरले.

परतताना भरती लागली होती. एक लाट घोट्यांवरून गेली, पायाखालची वाळू सरकली. गौरजा डगमगली, तरी तिने हात पुढे घेतले नाहीत. शर्मिष्ठाने मागून तिची दोन्ही मनगटं अलगद आपल्या हातांत घेतली, आणि मायलेकी तशाच पाण्याच्या कडेने चालत राहिल्या.